पुढच्या हिवाळ्याचा हिशेब : हिमालयातील पशुपालक आणि बदलते हवामान

लडाखच्या पूर्वेकडील चांगथांग पठार समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथील चांगपा पशुपालकांच्या शेळ्या हिवाळा सरता सरता, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वितात. रात्रीचा पारा तेव्हाही शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरू शकतो. कुरणांवर नवे गवत उगवायला अवधी असतो आणि उन्हाळ्यात अंगावर चढलेली चरबी शेळ्यांनी जवळपास संपवलेली असते. नेमक्या याच आठवड्यांत जोराची हिमवृष्टी होऊन उरलेसुरले गवत बर्फाखाली गाडले गेले, तर पशुपालकाच्या हाती राहतो तो केवळ साठवलेला चारा. तो किती आहे, हे मार्चमध्ये ठरत नाही. ते आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच ठरून गेलेले असते.

२०१२-१३ च्या हिवाळ्यात चांगथांगने याचा कठोर अनुभव घेतला. लागोपाठच्या हिमवृष्टीने कुरणे झाकली गेली, रस्ते बंद झाले आणि हजारो शेळ्या-मेंढ्या दगावल्या. त्यांत नवजात करडांची संख्या मोठी होती. चांगथांगी शेळीला बहुधा वर्षाला एकच करडू होते आणि मादी करडू स्वतः विण्याजोगे व्हायला सुमारे दोन वर्षे लागतात. त्यामुळे एका हिवाळ्यात गेलेला अर्धा कळप पुन्हा उभा करायला एक-दोन नव्हे, अनेक वर्षे जातात. ज्या कुटुंबाचे शेत, ठेव आणि तारण सारे काही कळपातच असते, त्याच्या दृष्टीने हा काळ फार मोठा असतो. मधल्या काळात त्या घरातील तरुण लेहला किंवा सैन्याच्या कामांवर मजुरीला जातो आणि बहुधा परत येत नाही.

हवामानबदलाच्या चर्चेत हिमनद्या, पूर आणि शहरे यांना जागा मिळते. पर्वतावरील पशुपालकाचा प्रश्न तुलनेने मागे राहतो. या पशुपालकांना पुढच्या अनिश्चित ऋतूंसाठी नियोजन करण्यास मदत करायची म्हणजे नेमके काय करायचे, याचे उत्तर तंत्रज्ञानाइतकेच त्यांच्या रोजच्या निर्णयांत दडलेले आहे.

ऋतूंचा भरवसा

हिमालयीन पर्वतरांगांच्या आठ देशांची संस्था असलेल्या ‘इसिमोड’ने २०१९ मध्ये हिंदुकुश-हिमालय प्रदेशाचा एक विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. जगाची तापमानवाढ १.५ अंश सेल्सिअसवर रोखण्यात यश आले, तरी या पर्वतीय प्रदेशाचे तापमान किमान १.८ अंशांनी वाढेल आणि शतकाअखेरीस तेथील हिमनद्यांचा सुमारे एक-तृतीयांश भाग नाहीसा होईल, असा त्याचा निष्कर्ष होता. उंच पर्वत मैदानांपेक्षा अधिक वेगाने तापतात. बर्फ वितळून उघडी पडलेली काळी जमीन अधिक उष्णता शोषते, हे त्यामागचे एक कारण आहे.

तापमान वाढले तर थंड प्रदेशातील पशुपालकाचे भलेच होईल, असे वरकरणी वाटू शकते. प्रत्यक्षात अडचण सरासरी तापमानाची नसून ऋतूंच्या बिघडलेल्या क्रमाची आहे. लेहमध्ये वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून सुमारे शंभर मिलिमीटर पाणी पडते. गोव्यात जुलैमधील एखाद्या मुसळधार दिवसात तेवढा पाऊस होऊन जातो. अशा कोरड्या मुलखात कुरणाला ओल मिळते ती प्रामुख्याने हिवाळ्यातील बर्फ सावकाश वितळण्यातून. बर्फ कमी पडला की वसंतातले गवत खुरटते. तोच बर्फ उशिरा आणि एकदम पडला की गवत असूनही जनावरांच्या तोंडी लागत नाही. बर्फावर पाऊस पडून तो रात्री गोठला, तर खुराने उकरूनही न फुटणारा कठीण थर तयार होतो. म्हणजे कमी बर्फाचे वर्ष वाईट, अति बर्फाचे वर्ष वाईट आणि योग्य बर्फ चुकीच्या वेळी पडला तरी वाईट.

या तिन्ही संकटांना मंगोलियातील पशुपालकांनी पूर्वीपासून वेगवेगळी नावे दिली आहेत. ज्या हिवाळ्यात जनावरे मोठ्या संख्येने मरतात, त्या आपत्तीला ते ‘झुद’ म्हणतात. खोल बर्फाचा तो पांढरा झुद; बर्फच न पडल्याने जनावरांना पाणी मिळेनासे होते तो काळा झुद; आणि बर्फाचा पत्र्यासारखा थर जमतो तो लोखंडी झुद. एकाच आपत्तीसाठी इतके शब्द असण्यामागे व्यवहार आहे. प्रत्येक प्रकारात करायची तयारी निराळी असते. पांढऱ्या झुदाला साठवलेला चारा उपयोगी पडतो, तर काळ्या झुदात पाण्याच्या दिशेने कळप हलवावा लागतो.

जुन्या पद्धतीतले नियोजन

पशुपालक आजवर नशिबावर हवाला ठेवून जगत होते, असे मानणे चुकीचे ठरेल. रुपशू आणि कोरझोकच्या परिसरात ‘गोबा’ हा गावचा मुखिया व त्याचे सहकारी कोणते कुरण कोणत्या महिन्यात वापरायचे आणि कोणते हिवाळ्यासाठी राखायचे हे ठरवत आले आहेत. राखीव कुरणात वेळेआधी जनावरे घालणाऱ्याला दंड होत असे. एकाच कुटुंबाकडे शेळ्या, मेंढ्या, याक आणि घोडे असे मिश्र पशुधन असणे हाही नियोजनाचाच भाग होता. कारण प्रत्येक जनावर वेगळे गवत वेगळ्या खोलीवरून खाते आणि प्रत्येकाची थंडी सोसण्याची ताकद वेगळी असते. याकच्या केसांपासून विणलेल्या ‘रेबो’ तंबूत राहणारी ही कुटुंबे वर्षातून अनेकदा मुक्काम हलवत, तेही ठरलेल्या क्रमाने.

या व्यवस्थेला गेल्या साठ-पासष्ट वर्षांत अनेक बाजूंनी ताण आला. १९६२ च्या युद्धानंतर सीमेपलीकडील हिवाळी कुरणे बंद झाली. त्याच सुमारास तिबेटमधून निर्वासित पशुपालक आपले कळप घेऊन आले आणि उरलेल्या कुरणांवर भार वाढला. २०२० नंतरच्या सीमेवरील तणावामुळे काही भागांत चराईवर आणखी बंधने आली. दुसरीकडे पश्मिन्याला मिळणाऱ्या भावामुळे कळपांत शेळ्यांचे प्रमाण वाढले आणि याक व मेंढ्यांचे घटले. शाळा, दवाखाना आणि नियमित रोजगार यांच्या ओढीने खारनाकसारख्या खोऱ्यातील बहुसंख्य कुटुंबे लेहजवळच्या वसाहतीत राहू लागली. माणसे कमी झाली की लांबच्या कुरणांवर जाणे जिकिरीचे होते, जवळचीच कुरणे पुन्हा पुन्हा चरली जातात आणि हिवाळ्यासाठी राखण्याचा नियम सैल होतो. हवामानबदलाचा फटका या आधीच आक्रसलेल्या व्यवस्थेला बसत आहे.

एकाच भाकितावर भिस्त नको

पुढचा हिवाळा कसा असेल, हे पाच-सहा महिने आधी खात्रीने सांगणे आजच्या विज्ञानालाही शक्य नाही. हिमालयाच्या पश्चिम भागातील हिवाळी बर्फ भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून असतो. असा एखादा विक्षोभ येत असल्याचा अंदाज चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी विश्वासाने देता येतो; पण मार्चमध्ये किती विक्षोभ येतील हे सप्टेंबरमध्ये सांगता येत नाही. म्हणून पशुपालकांना मदत करताना ‘पुढे असे होईल’ असे सांगण्यापेक्षा ‘असे झाले तर काय, तसे झाले तर काय’ याची उजळणी करून घेणे अधिक उपयुक्त ठरते.

जगभरच्या पर्वतीय पशुपालकांसोबत काम करणाऱ्या संस्था यासाठी साधारण सारखीच पद्धत वापरतात. प्रथम गावातील स्त्री-पुरुषांनी मिळून वर्षाचे चक्र मांडायचे : जनावरे कधी वितात, पश्मिना कधी विंचरला जातो, कोणती खिंड कधी उघडते, गवत कधी कापले जाते, पैसा कधी हाती येतो. त्यानंतर जमिनीवर किंवा कागदावर कुरणांचा नकाशा काढायचा. कोणत्या उतारावरचा बर्फ वाऱ्याने लवकर उडून जातो, कोणता झरा हिवाळ्यातही गोठत नाही, लांडग्यांचा वावर कुठे असतो, ही माहिती उपग्रहाच्या चित्रात नसते. ती वृद्ध पशुपालकांच्या स्मरणात असते. मग गेल्या वीस-तीस वर्षांतील वाईट हिवाळे एकेक करून आठवायचे आणि त्या वेळी कोणाचे कळप वाचले व का वाचले, हे नोंदवायचे.

या चर्चेत स्त्रिया नसतील तर नियोजन अर्धेच राहते. करडे जगवणे, अशक्त जनावरांना वेगळे खाऊ घालणे, दूध काढणे ही कामे बहुतांशी त्यांच्याकडे असतात. कोणती शेळी हिवाळा काढणार नाही, हे बहुधा सर्वांत आधी त्यांनाच कळते.

अखेरीस ठरवायच्या असतात त्या निर्णयांच्या तारखा आणि खुणा. ‘चारा कमी पडला तर विकू’ हे नियोजन नव्हे. ‘सप्टेंबरच्या अखेरीस साठा ठरलेल्या मापापेक्षा कमी असेल, तर ऑक्टोबर संपण्यापूर्वी इतकी जनावरे विकू’ असे ठरले की ते नियोजन झाले. थंडी सुरू झाल्यावर सर्वांनाच विकायचे असते, भाव पडतो आणि जनावरेही वाळलेली असतात.

वैरणीचा हिशेब

उदाहरणादाखल दोनशे शेळ्यांचा कळप घेऊ. बर्फाने कुरण बंद झाले असताना जीव तगवण्यापुरता प्रत्येकीला दिवसाला अर्धा किलो सुका चारा द्यायचा, असे धरले तर रोज शंभर किलो लागतात. तीस दिवसांना तीन टन आणि साठ दिवसांना सहा टन. कुटुंबाकडे साठा तीनच टनांचा असेल आणि वाईट हिवाळा साठ दिवसांचा धरायचा असेल, तर सरळ अर्थ असा, की त्या साठ्यावर शंभरच शेळ्या निघू शकतात. मग उरलेल्या शंभरांसाठी तीन मार्ग राहतात : आणखी चारा मिळवणे, बर्फ कमी असलेल्या दुसऱ्या कुरणाचा आधार ठेवणे, किंवा काही जनावरे वेळेत विकणे. चांगथांगमध्ये केवळ पश्मिन्यासाठी खच्ची केलेले नरही पाळले जातात. त्यांपैकी किती ठेवायचे आणि किती शरद ऋतूत विकायचे, हा या हिशेबातला कळीचा प्रश्न असतो. गाभण माद्या आणि पहिलटकरणी यांच्यावर चारा आधी खर्च करायचा, हे सूत्र बहुतेक ठिकाणी मान्य होते.

जनावराची हिवाळा काढण्याची ताकद डोळ्यांनी जोखणे फसवे असते, कारण दाट लोकरीखाली हाडे दिसत नाहीत. त्यासाठी पाठीच्या कण्यावर आणि कमरेवर हात फिरवून मांस व चरबीचा अंदाज घेतात आणि एक ते पाच असे गुण देतात. हिवाळ्याच्या तोंडावर ज्यांचे गुण दोनच्या खाली आहेत, त्यांना वेगळे काढून खाऊ घालायचे की विकायचे, हे तेव्हाच ठरवता येते. या कामाला ना यंत्र लागते ना वीज; एकदा शिकून घेतले की पुरे.

चारा मिळवण्याचे मार्ग उंचीनुसार बदलतात. लडाखच्या खालच्या खोऱ्यांत, जिथे ओढ्याचे पाणी फिरवता येते, तिथे लसूणघास आणि ओट पिकवून वाळवला जातो. चांगथांगच्या उंचीवर शेती जवळजवळ अशक्य असल्याने चारा खालून वाहून न्यावा लागतो. म्हणूनच रस्ते बंद होण्यापूर्वी गावपातळीवर भरून ठेवलेली चाऱ्याची कोठारे महत्त्वाची ठरतात. संकट आल्यावर हेलिकॉप्टरने टाकलेला चारा बातमीत ठळक दिसतो. पण तो उशिरा पोहोचतो, थोडा असतो आणि महाग पडतो. कोठाराचा हिशेब कोण ठेवणार, उसना घेतलेला चारा कधी परत करायचा आणि चांगल्या वर्षी न वापरलेला जुना चारा कसा बदलायचा, हे आधी ठरलेले नसेल, तर कोठाराची इमारत उभी राहते आणि तीन वर्षांत ओस पडते.

निवारा आणि लस

वाईट हिवाळ्यात उपासमार, थंडी आणि रोग यांची साखळी असते. उपाशी जनावर थंडीला लवकर बळी पडते आणि दाटीवाटीने कोंडलेल्या अशक्त कळपात रोग झपाट्याने पसरतो. त्यामुळे वाऱ्यापासून आडोसा देणारे, दक्षिणेकडे तोंड करून बांधलेले आणि दिवसा ऊन आत घेणारे विण्याचे गोठे हा तुलनेने कमी खर्चाचा उपाय आहे. ओलसर, कोंदट गोठ्यात करडांना फुप्फुसांचे विकार होतात, म्हणून हवा खेळती राहणेही तितकेच आवश्यक असते. कुंपणाच्या दगडी भिंतींवर वरून जाळी टाकली, तर हिमबिबट्या आणि लांडगा आत शिरत नाहीत. एका रात्रीत अनेक शेळ्या मारल्या जाण्याचे प्रसंग टळतात आणि त्यापायी वन्यप्राण्यांना मारण्याची वेळही येत नाही.

शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ‘पीपीआर’ रोगावर प्रभावी लस आहे आणि एकदा टोचल्यावर ती साधारण तीन वर्षे संरक्षण देते. अडचण लसीची नसून वेळापत्रकाची आहे. पशुवैद्यकीय पथक तालुक्याच्या गावी येते तेव्हा कळप तीन दिवसांच्या अंतरावरील कुरणात असतो. स्थलांतराच्या वाटेवर, जिथून सर्वच कळपांना जावे लागते अशा खिंडीच्या किंवा पुलाच्या तोंडाशी लसीकरण ठेवले तर तेवढ्याच खर्चात कितीतरी अधिक जनावरांना लस मिळते. यासाठी खात्याने पशुपालकांच्या वेळापत्रकाशी स्वतःचे वेळापत्रक जुळवायला हवे.

इशारा पोहोचतो कोठे?

भारतीय हवामान खात्याचे कृषिसल्ले जिल्हा आणि तालुका पातळीवर दिले जातात. ते प्रामुख्याने पेरणी, फवारणी, कापणी यांच्यासाठी लिहिलेले असतात. पशुपालकाला हवा असतो तो खिंडीचा अंदाज. हिमाचल प्रदेशातील गद्दी मेंढपाळ हिवाळ्यात कांगडा आणि आसपासच्या पायथ्याच्या टेकड्यांत असतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी धौलाधारच्या खिंडी ओलांडून चंब्याकडे आणि पुढे लाहौलच्या कुरणांकडे जातात व शरद ऋतूत परततात. सप्टेंबर २०१८ मध्ये लाहौल-स्पितीत वेळेआधीच मोठी हिमवृष्टी झाली आणि परतीच्या तयारीत असलेले मेंढपाळ उंचावरील कुरणांत कळपांसह अडकून पडले. चार दिवस आधीचा अचूक इशारा अशा वेळी कळप एक मुक्काम खाली आणायला पुरेसा असतो. मात्र तो मोबाइलचे जाळे नसलेल्या कुरणापर्यंत पोहोचायला हवा. आकाशवाणीवरील स्थानिक बोलीतील बातमीपत्र, खिंडीच्या पायथ्याशी फलक, सीमेवरील सुरक्षा दलांच्या चौक्या आणि वाटेवरचे दुकानदार हे सारे या साखळीतले दुवे होऊ शकतात.

मंगोलियात हवामान यंत्रणा हिवाळ्यापूर्वी झुदाच्या धोक्याचा नकाशा तयार करते. उन्हाळ्यातील गवताची स्थिती, सध्याचा बर्फ, तापमानाचा अंदाज आणि कुरणावरील जनावरांची संख्या एकत्र करून कोणत्या भागात धोका अधिक आहे, हे त्यातून दाखवले जाते. त्या आधारे मदत संस्था जनावरे मरण्यापूर्वीच निवडक कुटुंबांना रोख रक्कम, चारा आणि औषधे पोहोचवतात. मेलेल्या जनावरांची भरपाई देण्यापेक्षा जिवंत जनावराला वेळेत चारा देणे कुटुंबासाठी आणि सरकारी तिजोरीसाठीही स्वस्त पडते, हा त्यामागचा विचार आहे.

विम्याचा आधार आणि त्याची मर्यादा

२००९-१० च्या झुदात मंगोलियातील सुमारे पाचवा हिस्सा पशुधन नष्ट झाले, तर २०२३-२४ च्या हिवाळ्यात सत्तर लाखांहून अधिक जनावरे दगावली. अशा देशव्यापी आपत्तीत प्रत्येक मृत जनावर मोजून भरपाई देणे कोणत्याही विमा कंपनीला परवडत नाही. दुर्गम कुरणांत पंचनामा करायला जाणाऱ्यांचाच खर्च भरपाईहून मोठा होतो. म्हणून मंगोलियाने जागतिक बँकेच्या साहाय्याने २००६ पासून निर्देशांकावर आधारित पशुधन विमा प्रायोगिक स्वरूपात सुरू केला आणि नंतर तो देशभर नेला. त्यात एखाद्या तालुक्यातील एकूण पशुमृत्यूचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेपुढे गेले, की तेथील सर्व विमाधारकांना पैसे मिळतात. स्वतःचे किती जनावर गेले हे सिद्ध करावे लागत नाही. त्यामुळे विमा आहे म्हणून कोणी कळपाकडे दुर्लक्ष करत नाही. चांगली काळजी घेऊन ज्याने जनावरे वाचवली, त्यालाही भरपाई मिळते.

या पद्धतीची उणी बाजूही आहे. एखाद्याचा पूर्ण कळप हिमलोटात गेला, पण तालुक्याचे सरासरी प्रमाण मर्यादेखाली राहिले, तर त्याला काहीच मिळत नाही. भारतातील पर्वतीय भागांत तर तालुक्यांच्या सीमा आणि चराईच्या वाटा जुळत नाहीत. उन्हाळ्यात एका जिल्ह्यात आणि हिवाळ्यात दुसऱ्या जिल्ह्यात असणाऱ्या कळपासाठी कोणता निर्देशांक लावायचा, हे आधी ठरवावे लागेल. विमा अखेर नुकसानीनंतर उभे राहण्यासाठी असतो. चाऱ्याची, निवाऱ्याची आणि हलण्याच्या मोकळिकीची जागा तो घेऊ शकत नाही.

वाट बंद झाली तर

पशुपालकाचे सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त हवामान-नियोजन म्हणजे जागा बदलणे. एका खोऱ्यात बर्फ अधिक झाला की दुसऱ्यात जायचे, पाऊस जिथे झाला तिथे कळप न्यायचा. हवामान जितके लहरी, तितकी ही मोकळीक मोलाची. नेमकी तीच कमी होत चालली आहे. गद्दी मेंढपाळांना वन खात्याच्या परवान्यांनुसार जनावरांची संख्या आणि वाट ठरवून दिलेली असते. वाटेवर रस्ते, धरणे, कुंपणे आणि नवी लागवड आली आहे. पायथ्याच्या हिवाळी कुरणांत घाणेरीचे रान माजल्याने गवताला जागा उरलेली नाही. चांगथांगमध्ये पांग परिसरात १३ गिगावॅट क्षमतेचा अक्षय ऊर्जा प्रकल्प नियोजित असून त्याच्या पारेषण वाहिनीला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. कोळशाला पर्याय देणारी ही ऊर्जा देशाला हवीच आहे. परंतु तिच्यासाठी नेमकी कोणती जमीन द्यायची, हे ठरवताना ती कोणाचे हिवाळी कुरण आहे, हा प्रश्न विचारला गेला नाही, तर हवामानबदलावरच्या उपायाचीच किंमत त्याचे पहिले बळी मोजतील.

कायद्यात याला आधार आहे. २००६ च्या वन हक्क कायद्यातील कलम ३ मध्ये स्थिर आणि फिरत्या अशा दोन्ही प्रकारच्या चराईचा तसेच भटक्या व पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा सामूहिक हक्क स्पष्टपणे नमूद आहे. अंमलबजावणीत मात्र दावे गावनिहाय मागवले जातात. जो समाज वर्षभरात दोन-तीन जिल्हे ओलांडतो, त्याने कोणत्या ग्रामसभेपुढे उभे राहायचे, याचे उत्तर अनेक ठिकाणी मिळालेले नाही.

सह्याद्रीपर्यंत तोच प्रश्न

हा प्रश्न केवळ हिमालयाचा आहे, असे मराठी वाचकाने समजू नये. दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रातील धनगरांचे वाडे मेंढरांसह घाट उतरून कोकणाकडे येतात. रिकाम्या शेतांत मेंढ्या बसवायच्या, शेतकऱ्याला खत द्यायचे आणि त्या बदल्यात धान्य व चराई मिळवायची, हा जुना व्यवहार ऋतूंच्या ठरावीक क्रमावर उभा आहे. डिसेंबर २०२१ च्या आरंभी पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांत अवकाळी पाऊस आणि गारठा एकदम आला. उघड्यावर बसलेल्या मेंढ्या मोठ्या संख्येने गारठून मेल्या. तेथेही इशारा शेतकऱ्यासाठी होता. वाटेवरच्या मेंढपाळाला आडोसा कुठे मिळेल, याची योजना नव्हती. गोव्यात सत्तरी, सांगे, केपे, काणकोणच्या डोंगरांत पिढ्यान्पिढ्या गुरे राखणाऱ्या गवळी-धनगर समाजापुढेही जंगलातील चराईचा हक्क, पाण्याचे आटते झरे आणि शिक्षणानंतर या व्यवसायात न थांबणारी मुले हेच प्रश्न आहेत. उंची वेगळी, हवामान वेगळे; नियोजनात विसरली जाणारी माणसे मात्र त्याच प्रकारची आहेत.

मोजणीपासून सुरुवात

जी माणसे आणि जनावरे मोजलीच जात नाहीत, त्यांच्यासाठी योजना आखता येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या २१ व्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांकडील पशुधनाची स्वतंत्र नोंद प्रथमच घेण्याचे ठरले, ही म्हणूनच महत्त्वाची घटना आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मंगोलियाच्या पुढाकाराने २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले आहे. अशी वर्षे परिषदांत निघून जातात, हा अनुभव नवा नाही. पशुगणनेचे आकडे हाती आल्यावर राज्यांनी स्थलांतराच्या वाटांचे नकाशे तयार केले, लसीकरण आणि चारा कोठारे त्या वाटांवर आणली, जिल्ह्यांच्या सीमा ओलांडून चालणारा परवाना दिला आणि खिंडीनिहाय हवामान इशारे सुरू केले, तर त्याचा उपयोग झाला असे म्हणता येईल.

यांतील एकही गोष्ट अवघड तंत्रज्ञानाची किंवा अफाट खर्चाची नाही. सर्वांत अवघड आहे ती वेळ पाळणे. कोठार सप्टेंबरमध्ये भरले तर करडे जगतात आणि मार्चमध्ये भरले तर पंचनामे होतात. चांगपा किंवा गद्दी कुटुंबाला हे कोणी शिकवण्याची गरज नाही. त्यांचे सारे आयुष्य या हिशेबावरच चालते. शासनाचे वेळापत्रक त्या हिशेबाशी जुळते की नाही, यावर पुढच्या वाईट हिवाळ्यानंतर त्या घरातला तरुण कळपाजवळ राहणार की लेहची वाट धरणार, हे ठरणार आहे.